हेबरच्या हातची बाही

हेबरला पुरून आठ दिवस झाले होते. नवव्या दिवशी सकाळी त्याची बायको मेल्विना पार्डी चहात डब्यातलं दूध ओतत होती, तेव्हा तिला एकदम त्या सतरा ओळी आठवल्या. दूध कपाबाहेर गेलं, टेबलावर गेलं, तिथून खाली गेलं. तिने पुसलंसुद्धा नाही. खिडकीजवळच्या खुर्चीकडे ती नुसती बघत राहिली. खुर्चीच्या पायाशी तिची विणकामाची पिशवी असायची, तिथे आता रिकामी जमीन होती.

पिशवी कुठे गेली ते तिला ठाऊक होतं. चोरीला गेली नव्हती. गावाने नेली होती.

रॅगेड कोव्ह या मासेमारांच्या गावाची ही जुनी रीत. ज्या घरात मरण होतं त्या घरात अर्धवट विणकाम सुयांवर ठेवायचं नाही. दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं, ब्रेड आणि खारवलेल्या मांसाची पातेली येत असतात, त्या गर्दीत बायकांपैकी एक जण पिशवी उचलते, कोटाखाली घालते आणि निघून जाते. दिसतं सगळ्यांना, बघत कोणी नाही. मग पाठ एकीकडे, बाह्या दुसरीकडे, गळा तिसरीकडे अशी वाटणी होते आणि चाळीस दिवसांच्या आत पुरा झालेला स्वेटर घरी परत येतो. कोणी काय विणलं ते सांगायचं नाही. आणि घरच्या बाईने तो मागायचा नाही. मागणं म्हणजे तुमचे हात मला नकोत असं तोंडावर सांगणं.

आणखी एक नियम होता, तो मेल्विनाने स्वतः घातलेला. दुःखातल्या माणसाचा हात चुकतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून विणलेल्यात टाके पडतात, ओळी वाकड्या जातात. त्या चुका गुपचूप उसवायच्या, नीट विणायच्या आणि त्याबद्दल मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. "नवरा गेल्याचं दुःख काय कमी असतं, म्हणून वर वाकडी बाही जन्मभर मिरवायची?" असं ती म्हणाली होती आणि बायकांना ते पटलं होतं. बारा वर्षं तो नियम पाळला जात होता.

आणि आता त्या पिशवीत एक डावी बाही होती. मनगटाच्या पट्टीच्या वर तिच्यात सतरा ओळी अशा होत्या की गावाने जन्मात पाहिल्या नसतील. वाकड्या, भोकं पडलेल्या, कुठे आवळलेल्या, कुठे लोंबणाऱ्या. त्या हेबरने विणल्या होत्या.

आता मेल्विना म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर तिच्या जिवाचं पाणी का झालं ते कळायचं नाही. दर बुधवारी दुपारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दहा-बारा बायका विणायला जमायच्या. सरकारने कॉड माशांची मासेमारी बंद केली, होड्या किनाऱ्यावर उपड्या पडल्या, निम्मं गाव पोटामागे देशाच्या दुसऱ्या टोकाला अल्बर्टाला गेलं, तेव्हा मागे राहिलेल्या बायका घरात भिंतीशी बोलायला लागल्या होत्या. त्यांना या बुधवारने वाचवलं. हातात सुया असल्या की माणूस असं काही बोलून जातो जे डोळ्याला डोळा देऊन बोलवत नाही. कोणाचा मुलगा दारू प्यायला लागला, कोणाच्या नवऱ्याचं पत्र आलं नाही, सगळं त्या हॉलमध्ये टाक्याटाक्याने बाहेर यायचं आणि जाताना प्रत्येकीच्या पिशवीत हातभर विणलेलं काहीतरी असायचं. महिन्याच्या शेवटी हातमोज्यांचे ढीग शाळेत जायचे.

हे सगळं मेल्विनाने उभं केलं होतं. विणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि जिभेला मात्र हाड नव्हतं. चष्मा नाकावर ओढून ती खुर्च्यांमधून फिरायची. "तिसऱ्या ओळीत टाका पडलाय. उसव." "अगं पण मावशी, आतल्या बाजूला आहे, कोणाला दिसतंय?" "देवाला दिसतंय आणि मला दिसतंय. देव सोडून देईल. उसव." डल्सी टिबो पहिल्यांदा आली तेव्हा तिने केलेलं बाळाचं अख्खं टोपडं मेल्विनाने सगळ्यांसमोर उसवून गुंडा करून तिच्या मांडीवर ठेवलं होतं. पोरगी रडत घरी गेली आणि पुढच्या बुधवारी परत आली. "आली ना? मग शिकेल," मेल्विना म्हणाली. पाठीमागे बायका तिला उसवबाई म्हणायच्या. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

अशा बाईच्या घरात हेबर सुया घेऊन बसला.

मागच्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड जरा वाकडं झालं, बोलणं जड झालं. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस, तो आता खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या उपड्या होड्या मोजायचा. इस्पितळातली बाई म्हणाली होती की बोटं हलती ठेवा. त्याच सुमाराला त्याने मेल्विनाच्या मागे टुमणं लावलं होतं.

"सगळ्या गावाला घातलंस. पाद्रीबाबांच्या कुत्र्यालासुद्धा घातलंस. तुझ्या अंगावर काय आहे? माझी जुनी जर्सी."

"मला काय करायचंय नवं?"

"कर. लाल कर."

"या वयात लाल? लोक म्हणतील म्हातारीला चळ लागलाय."

"म्हणू देत. धुक्यात लांबून दिसशील तरी."

शेवटी त्यानेच नोरीनला, म्हणजे अल्बर्टातल्या लेकीला, फोनवर सांगून लाल लोकर मागवली. मेल्विनाने कुरकुरत पाठ विणली, पुढचे भाग विणले, उजवी बाही विणली. डाव्या बाहीची मनगटाची पट्टी झाली आणि एके दिवशी ती दुकानातून परत येते तो काय, हेबरने एक सुई उजव्या काखेत दाबलीय, दुसरी डाव्या हातात आणि जीभ दातात.

"अरे देवा! हे काय करतोयस?"

"बाही."

"ही बाही आहे? जाळं आहे हे. हेरिंग अडकतील यात."

"अडकतील तर. तुझ्या स्वेटरने आजवर एक तरी मासा धरलाय का?"

जाळी त्याने जन्मभर विणली होती, दोऱ्याला तो घाबरत नव्हता. पण लोकर ही वेगळी जात. दिवसाला एक ओळ, कधी अर्धी. घाम यायचा त्याला. मेल्विनाने हात पुढे केला की म्हणायचा, "तिकडे हो. आणि बायकांना सांगितलंस तर याद राख. पार्डीचा हेबर सुया घेऊन बसला म्हणून दुकानात वर्षभर हसतील." तिने नाही सांगितलं. त्याच्यासाठी नाही सांगितलं हे खरं, पण आपल्या पिशवीत असलं ध्यान आहे हे बायकांना कळू नये असंही तिला वाटत होतं, हेही तितकंच खरं.

शेवटचा बुधवार. आदल्या रात्री त्याला उठवून, बसवून, झोपवून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. दुपारी हॉलवर जायच्या आधी तिने बाही उचलून बघितली, ओळी मोजल्या. सतरा. आणि ती तडकलीच.

"हे मी उद्या उसवणार आहे हं, हेबर. सांगून ठेवते. असली बाही घालून मी चर्चमध्ये जायची नाही."

"कोटाच्या आत कोणाला दिसणार?"

"मला दिसेल ना!"

त्याने बाही तिच्या हातातून परत घेतली. तिने कोट घातला आणि गेली. दोन तासांनी परत आली तेव्हा तो हसत होता, म्हणजे ज्या बाजूने हसता येत होतं त्या बाजूने. "मेल, इकडे ये. बघ जरा."

"काय बघू? मासा तव्यावर आहे."

"बघ ना."

"उद्या बघते."

पहाटे त्याला दुसरा झटका आला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

तर नवव्या दिवशी सकाळी हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्याच्या अंगावरचे कपडे धुऊन झाले होते. त्याची उशी नोरीनने जाण्यापूर्वी शहाणपणा करून उन्हात टाकली होती. आता त्याच्या हातचं असं जगात काय उरलं होतं? त्या सतरा ओळी. त्याच्या बोटांनी एकेक करून, घाम गाळून घातलेले टाके. आणि ते गावातल्या सगळ्यात चांगल्या हातांमध्ये होते. तिने स्वतः तयार केलेल्या हातांमध्ये. ते हात त्या ओळींचं काय करतील हे तिच्याइतकं कोणाला कळणार होतं?

तिने बूट चढवले. नियम गेला खड्ड्यात, ती मनाशी म्हणाली आणि निघाली. सांडलेलं दूध तसंच राहिलं.

पिशवी एफी मावशीने उचलली होती, ते मेल्विनाने दफनाच्या दिवशी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. एफी मावशी अठ्ठ्याहत्तरची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून गावाने तिला कधी गुपित सांगितलं नव्हतं. दार उघडं होतं. म्हातारी चुलीशी बसून लालभडक पाठीच्या कडा शिवत होती. मेल्विनाला बघताच तिने ती पाठ चटकन एप्रनखाली ढकलली.

"अगं बाई! तू कशी इकडे? ये, ये. चहा टाकते. खाल्लंस का काही? नसशीलच. गालफडं बघ कशी बसलीत."

"मावशी, माझी पिशवी कुठे आहे?"

म्हातारीचा हात किटलीवर तसाच थांबला. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"कसली पिशवी?" ती रीतीप्रमाणे म्हणाली.

"मावशी, नाटक पुरे. एप्रनमधून पाठ लोंबतेय. डावी बाही कोणाकडे आहे?"

"मेल्विना." म्हातारी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा पडला. "आमच्या हातांना काय झालंय गं? माझा नवरा सायलस बुडाला तेव्हा तू माझे मोजे पुरे केलेस. मी रोज रात्री ते घालून झोपते. बारा वर्षं. आम्ही तुझ्यासाठी एवढंसुद्धा नाही का करायचं?"

"तसं नाही, मावशी."

"मग कसं?"

'याद राख' म्हणणारा आता लाजायलाही उरला नव्हता, दुकानात हसले असते तर हसू देत, पण सांगितलं असतं तर एफी मावशीने तासाभरात गाव गोळा केलं असतं, आणि मेल्विनाला रडणारं गाव नको होतं, बाही हवी होती.

"फक्त एकदा बघायचीय," ती म्हणाली.

म्हातारीने एप्रनमधली पाठ बाहेर काढून परत मांडीवर घेतली. मग पाझर फुटला. "डल्सीकडे. स्वतः मागून घेतली पोरीने. म्हणाली, मावशीची बाही मी करणार, दुसऱ्या कोणाला देऊ नका. काळजी करू नकोस, जीव ओतून करतेय. परवाच मी तिच्या परसातून गेले तर दोरीवर लाल लोकरीची लडी वाळत होती, खाली दगड बांधलेला. धुऊन बिऊन अगदी..."

पुढचं मेल्विनाने ऐकलं नाही. धुतलेली लोकर, खाली दगड. विणणाऱ्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. नवी लोकर कोणी दगड बांधून वाळवत नाही. उसवलेल्या लोकरीत जुन्या टाक्यांच्या बारीक लाटा राहतात, त्या जाव्यात, दोरा सरळ व्हावा म्हणून ती धुतात आणि खाली वजन बांधतात. हेही तिनेच शिकवलं होतं.

तरी ती चालत राहिली. थोडीच लोकर असेल, एखादी ओळ असेल, डल्सीला कंटाळा आला असेल, पोरं आजारी पडली असतील, काहीही झालं असेल. माणूस असं स्वतःला काय काय सांगतो. वारा समुद्रावरून अंगावर येत होता. चर्चपाशी ती थांबली, कारण तिला एक भलतंच सुचलं होतं. बारा वर्षांत आपण किती पिशव्या उघडल्या? किती वाकड्या ओळी उसवल्या? त्या सगळ्या दुःखाने चुकलेल्या हाताच्याच होत्या, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं? एफी मावशीच्या त्या मोज्यात टाचेच्या वर चार बोटं उंचीची कसलीतरी ओबडधोबड वीण होती. सायलस होडीवर निघायच्या आधीचा तो आठवडा. मेल्विनाने ती दहा मिनिटांत उसवली होती, शिट्टी वाजवत. कोणाची होती ती चार बोटं? कधी विचारलं होतं का? ती चर्चच्या कुंपणाला धरून उभी राहिली आणि तिला स्वतःची किळस आली.

डल्सी टिबोचं घर टेकडीच्या पायथ्याशी. नवरा अल्बर्टाला तेलाच्या कामावर, मुलं शाळेत. दोरी रिकामी होती. दगड खाली गवतात पडला होता.

"मेल्विना मावशी!" दार उघडताच डल्सी लाल झाली. पस्तिशीची बाई, पण मेल्विनासमोर अजून तिचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा व्हायचा. "तुम्ही... या ना आत. थंडी किती आहे."

"डल्सी, माझी बाही तुझ्याकडे आहे."

"मावशी, विचारायचं नसतं!"

"मला माहितीय काय नसतं ते. दाखव."

डल्सी घुटमळली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मेल्विनाला तिच्याकडे बघवेना. आनंद होता तो. तिला वाटलं होतं, मावशीला धीर धरवत नाहीये. ती आतून बाही घेऊन आली. खांद्यापर्यंत आली होती, सुयांवर थोडेच टाके उरले होते. टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरून तिने ती त्यावर ठेवली.

मेल्विनाने मनगटाच्या पट्टीपासून वर बोट फिरवलं. पट्टी तिच्या स्वतःच्या हातची. त्यावर पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सरळ. एकसारखी. टाक्याला टाका. सतराव्या ओळीपर्यंत बोट गेलं, पुढे गेलं, खांद्यापर्यंत गेलं. कुठेही अडलं नाही.

गेल्या होत्या. एकही राहिली नव्हती.

"मावशी?" डल्सी हळूच म्हणाली. "बरी झालीय ना?"

आता इथे मेल्विनाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं सांगा. समोर ती पोरगी हात एप्रनला पुसत उभी. पंधरा वर्षं या बाईच्या तोंडून एक चांगला शब्द यावा म्हणून दर बुधवारी येणारी. मेल्विनाने बाही टॉवेलवर नीट पसरली.

"छान झालीय," ती म्हणाली. "माझ्याहून छान. माझी सुद्धा अशी झाली नसती."

डल्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खुर्चीवर बसलीच. "खरंच? मावशी, तुम्हाला सांगू का, मी कोणालाच नाही सांगितलं. एफी मावशीला तर मुळीच नाही. तुमची शपथ. थोडं... थोडं बिघडलं होतं तिथे पट्टीच्या वर. मी म्हटलं, असणारच ना, काकांचं एवढं करता करता. मी सगळं उसवलं, लोकर धुतली, सरळ केली आणि तीच परत विणली. नवी नाही घातली. कोणाला कध्धी कळणार नाही."

"तीच लोकर?"

"तीच. इथून इथपर्यंत." डल्सीने बोटांनी दाखवलं.

मेल्विनाने त्या जागेवर तळहात ठेवला. ऊन लागावं तसं काही लागेल असं तिला उगाच वाटलं. लोकर थंड होती.

"डल्सी, कशा होत्या गं त्या ओळी? आठवतात?"

"जाऊ दे ना, मावशी."

"नाही, सांग. मला ऐकायचंय."

विणणारी बाई दुसऱ्याच्या हातचं विसरत नाही, आणि उसवलेलं तर मुळीच नाही. डल्सीने खाली बघत सांगायला सुरुवात केली. "पहिल्या चार तर इतक्या घट्ट होत्या की सुई आत जाईना. मला क्रोशाची सुई घालून सोडवाव्या लागल्या. मग एकदम सैल. सहाव्या का सातव्या ओळीत तीन टाके पडले होते, ते... हसू नका हं, ते गाठ मारून बांधले होते. चक्क गाठ, होडी बांधतात तशी. मला वाटलं, मावशीला झोप किती अनावर झाली असेल. त्या वाकड्या ओळी सगळ्या सुलट टाक्यांच्याच, उलट ओळ यायची तिथेही सुलटच. सगळ्या मिळून एकोणीस ओळी."

"सतरा," मेल्विना म्हणाली.

"एकोणीस, मावशी. मी मोजल्या होत्या."

"सतरा होत्या गं. मी मोजल्या होत्या. बुधवारी."

"नाही नाही. वाईट अशा सतराच, बरोबर आहे तुमचं. पण त्यांच्यावर दोन आणखी होत्या ना, चांगल्या. अगदी नीट. त्या उसवायला माझा जीव होईना, पण खालचं उसवायचं म्हणजे वरचं राहत नाही." ती थोडी हसली. "त्यावरूनच तर मला कळलं की बाही तुमचीच आहे. म्हटलं, मावशीचा हात शेवटी सावरला. तुमच्याच होत्या त्या."

मेल्विनाला तो बुधवार आठवला. बघ जरा, तो म्हणाला होता. बघ ना. आणि तव्यावरचा मासा. त्या दोन तासांत, ती तणतणत हॉलवर गेल्यावर, तो एकटा बसून, सुई काखेत दाबून...

ती काही बोलणार नव्हती. पक्कं ठरवलं होतं तिने. पण हुंदका विचारून येतो होय?

"माझ्या नव्हत्या गं," ती म्हणाली. "माझी एकही नव्हती त्यातली. हेबर विणायचा. माझा हेबर विणत होता ती बाही. माझ्यासाठी."

डल्सीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काका?" ती म्हणाली. "ते... ती गाठ... अरे देवा. अरे देवा, मावशी, मी काय केलं हे!"

"तू काही नाही केलंस. मी शिकवलं तेच केलंस."

"उसवते मी. आत्ता उसवते." तिने बाही ओढून घेतली. काय करतेय ते तिचं तिला कळत नव्हतं. सुई टाक्यांमधून खेचून तिने फेकली आणि दोरा ओढायला लागली, भराभरा, एक ओळ गेली, दुसरी गेली, खांद्याचा तो सुंदर उतार डोळ्यांदेखत सुटत गेला आणि लाल लोकर तिच्या मांडीवर पडत राहिली. "परत तशीच करते मी, मावशी, मला सगळं आठवतंय, कुठे सैल, कुठे घट्ट, सगळं..."

मेल्विनाने तिचं मनगट धरलं. "थांब. अगं थांब, वेडे! उसवून खाली हेबर सापडणार आहे का?"

डल्सी थांबली. दोरा तिच्या मुठीत होता. ती लहान मुलासारखी मोठ्याने रडायला लागली आणि मग मेल्विनालाही आवरेना. नऊ दिवसांत ती अशी रडली नव्हती, दफनालासुद्धा नाही. लोक बघत असताना तिला कधीच जमलं नव्हतं. आता ती डल्सीचं मनगट धरून, तिच्या स्वयंपाकघरात, कोट आणि बूट घालून रडत होती, आणि माझं चुकलं, माझं चुकलं, एवढंच म्हणत होती. डल्सीला वाटलं ती आपल्याशी बोलतेय. "नाही हो मावशी, नाही," ती म्हणत राहिली.

बऱ्याच वेळाने मेल्विनाने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"डल्सी."

"काय, मावशी?"

"त्या दोन ओळी. मी बघितल्या नाहीत त्या. तूच एकटीने बघितल्यास." तिने अजून मनगट सोडलं नव्हतं. "सावकाश सांग मला. पहिल्या टाक्यापासून."

डल्सीने नाक ओढलं. बाहीचं लोंबणारं टोक तिने मांडीवर सरळ केलं, डोळे मिटले आणि बोटं हवेत हलकेच हलवत आठवायला लागली.

"अठरावी उलट टाक्यांची होती, मावशी," ती म्हणाली. "एकही टाका सुटला नव्हता."